मोबाईलातली इस्टेट

आमच्या तालुक्यातला माणूस मरणाला भीत नाही, मृत्युपत्राला भितो. घोडेगावला कचेरीसमोर टेबल टाकून मी आयुष्यभर दस्त लिहिले. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड, भाडेकरार, सगळं. खरेदीखताला आलेला माणूस पेढे घेऊन येतो. मृत्युपत्राला आलेला आधी टेबलावरून सरळ पुढे जातो, टपरीवर चहा पितो, ओळखीचं कुणी बघत नाही ना याची खात्री करतो आणि मग खुर्चीच्या कडेला टेकून म्हणतो, "ताई, एका पावण्याचं विचारायचं व्हतं." तो पावणा म्हणजे तो स्वतःच, हे मला विचारावं लागायचं नाही.

माझे वडील आमच्या बुद्धवाड्यातले पहिले मॅट्रिक. वाड्यातल्याच नव्हे तर गावातल्याही लोकांचे अर्ज, पत्रं तेच लिहून द्यायचे. त्यांचं अक्षर मला आलं आणि त्या अक्षरावर माझं घर चाललं. पुढे हाताने लिहिणं गेलं, टाइपरायटर आला, तोही गेला, संगणक आला. मृत्युपत्र मात्र मी शेवटपर्यंत हातानेच लिहिलं. आता डोळे साथ देईनात म्हणून टेबल दुसऱ्या बाईंच्या ताब्यात दिलंय. तरी कचेरीवरून जाताना मान आपोआप तिकडे वळते.

मृत्युपत्राबद्दल लोकांचे काय काय समज असतात! त्याला स्टँप पेपर लागत नाही, हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. साधा कागद चालतो म्हणजे काम कच्चं, असं त्याला वाटतं. कागद साधा चालतो, साक्षीदार मात्र दोन लागतात, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीला उभं करू नये. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. डॉक्टरचा दाखला जोडलेला आणखी बरा. आणि मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येतं, शेवटचं खरं धरतात. हे शेवटचं वाक्य मी सुनांसमोर कधी बोलायचे नाही. सासऱ्यांची सेवा एकदम वाढायची नि मला उगाच पाप लागायचं.

पूर्वी इस्टेट म्हणजे जमीन, विहिरीतला हिस्सा, घर, दागिने, गोठा. गेल्या काही वर्षांत मी एक नवा प्रश्न विचारायला लागले, "आणि मोबाईलात काय काय आहे?" पहिल्यांदा लोक हसायचे. पेठचे एक भजनी बुवा मात्र हसले नाहीत. गंभीर होऊन म्हणाले, "लिवा ताई, मंडळाच्या ग्रुपचं अ‍ॅडमिनपद धाकल्याला. थोरला कुणालाबी काढून टाकतो." मी म्हटलं, बुवा, असलं पद मृत्युपत्रानं देता येत नाही, हयातीत द्या. त्यांनी माझ्यासमोर खिशातून फोन काढला, धाकट्याला अ‍ॅडमिन केलं आणि थोरल्याचं पद काढून घेतलं. थोरल्याचा फोन बुवा खुर्चीवरून उठायच्या आधीच आला.

आहुप्याचे एक म्हातारबाबा आले होते. त्यांच्याकडे साधा बटणाचा फोन. पण नातीने तिच्या फोनवर त्यांना देवराईत फिरवून एकेका झाडाचं नाव, त्याचा पाला कशाला लावतात, कुठल्या झाडाला कधी हात लावायचा नाही, हे सगळं बोलून घेतलेलं. बाबांना विचारायचं होतं ते एवढंच, "ह्ये कुणाला देऊ? पोरं चार हायेत." मी सांगितलं, बाबा, जमीन वाटली की कमी होते, हे वाटून कमी होत नाही, चौघांनाही सगळंच द्या. बाबा म्हणाले, "आसली इस्टेट आमच्या बापाच्या वख्ताला असती तर भावकीत बोलणं तरी ऱ्हायलं असतं."

म्हणून मी लोकांना सांगते, फोटो, आवाज, व्हिडिओ, ईमेल, चॅनल, हे सगळं कुणाच्या हाती जावं ते लिहून ठेवा. खातं कंपनीचं असतं, आत ठेवलेलं आपलं. वारसाला द्यायचं की नाही ते कंपनी तिच्या नियमानं ठरवते, पण निदान आपली इच्छा काय होती यावरून घरात भांडण होत नाही. पासवर्ड मात्र मृत्युपत्रात लिहायचा नाही. एक तर तो बदलतो, आणि मृत्युपत्राच्या नकला दहा जणांच्या हातात जातात. तो वेगळ्या बंद पाकिटात ठेवावा आणि पाकीट कुठे आहे ते विश्वासाच्या माणसाला सांगून ठेवावं.

हे सगळं मी निरगुडसरच्या आबांनाही सांगितलं होतं.

आबा बैलगाडा शर्यतीचे निवेदक. ज्यांनी आमच्याकडचा घाट बघितला नाही त्यांना सांगते, यात गाड्यावर माणूस नसतो. चार बैल चढाचा घाट एका दमात पळत चढतात, पुढे घोडी असते, आणि मांडवातून माईकवर एक माणूस त्या धावेला आवाज देतो. त्या आवाजानं माणसं उठून उभी राहतात. आबांचा आवाज तसा होता. "झाली, झाली, झाली... भिर्रर्र!" असं ते म्हणाले की ज्यांचा गाडा नाही त्यांचेही फेटे उडायचे. मला बैल कुठला न् गोऱ्हा कुठला ते ओळखता येत नाही, पण आबा माईकवर असले की मी घाटावर जायचे.

कोर्टाच्या बंदीमुळे शर्यती बंद होत्या त्या वर्षांत आबा घरात बसून खंगायला लागले. तेव्हा त्यांच्या लेकीनं, सविताने, त्यांना मोबाईलवर चॅनल काढून दिलं. ओट्यावर बसून ते जुने बैल, जुने घाट, गाडामालकांच्या गमती सांगायचे आणि आपलं आपणच रेकॉर्ड करायचे. बटण आधी दाबलं जायचं, मग आबा घसा खाकरायचे आणि आत हाक द्यायचे, "अगं ए, च्या ठेव." मागून यमुनाबाईंचा आवाज यायचा, "ठेवते." मग गोष्ट सुरू. ते सुरुवातीचं कापावं असं आबांना कधी सुचलं नाही. लोकांना तर तेच जास्त आवडायचं. मंचरच्या बाजारात यमुनाबाईंना पोरं विचारायची, "आजी, च्या ठेवला का?"

मृत्युपत्राला आबा आडपडदा न ठेवता आले. जमीन मुलगा दत्ता आणि सविता यांना, घर यमुनाबाईंना त्यांच्या हयातीपर्यंत, आणि चॅनल, त्याचं खातं, त्यातला सगळा आवाज सविताला. "तिनं काडून दिलं, तिनंच चालवावं." दत्ता शेजारीच बसला होता, त्यालाही मान्य होतं. मी पाकिटाचं सांगितलं तर आबा हसले. "अवो ताई, पाकीट कशाला? मोबाईल काय माज्यासंगं येणार हाय का? घरातच ऱ्हाईल. उघडायचा न् बघायचा." फोन कायम उघडाच असायचा त्यांचा, कुलूप नव्हतं. मी पाकिटाशिवायच दस्त पुरा केला.

आबा गेले ते झोपेतच. दशक्रियेला नदीच्या घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या घरात हे विधी नाहीत, आम्ही जलदान विधी करतो. कावळ्यावर माझा विश्वास नाही. पण आबांच्या पिंडाला कावळा शिवेना तशी मी सुद्धा टाचा उंच करून बाभळीकडे बघायला लागले, हे मान्य करायला हवं. कावळे बसले होते, खाली येत नव्हते. दत्तानं हात जोडून सांगितलं, "आईला अंतर देणार न्हाई." काही नाही. सविता म्हणाली, "आबा, आमी भाऊ-बहीण भांडणार न्हाई." काही नाही. गाडामालक पुढे आले, घाट बंद पडू देणार नाही म्हणाले, तरी कावळे आपले बाभळीवर. शेवटी आबांचा भाचा बाळू रडत रडत म्हणाला, "मामा, तुमचा मोबाईल मी सांबाळतो. कुणाच्या हाती लागू देणार न्हाई." आणि कावळा आला.

आता सांगा, अख्ख्या घाटादेखत कावळ्यानं कौल दिल्यावर बाळूला मोबाईल नको म्हणायची कुणाची छाती होणार? मामाचे कपडे भाच्याला द्यायची आमच्याकडे रीतच आहे. कपड्यांबरोबर मोबाईलही गेला. सविताला वाटलं, घरातच आहे, लागेल तेव्हा मागू.

बाळू गुणी पोरगा. गेलेल्या माणसाच्या पिशवीत हात घालू नये अशी त्याला आईची शिकवण. मामाचं काय खाजगी असेल, कुणाच्या नजरेला पडेल, म्हणून तो थेट मंचरला दुकानात गेला आणि सगळा मोबाईल पुसून कोरा करून आणला. मग लाल फडक्यात गुंडाळून देवघरात ठेवला, चार्जरसकट. रोज त्याला हळदकुंकू वाहत होता.

इकडे आबांच्या नंबरावर गाडामालकांचे फोन थांबेनात. सिमकार्ड दत्तानं आपल्या जुन्या फोनमध्ये घातलं होतं. फोन वाजला की यमुनाबाई आशेनं मान वर करायच्या. ते त्याला बघवेना, म्हणून त्यानं तो नंबरच बंद करून टाकला. त्या घरात एकानं मामाची लाज राखली, एकानं आईचे डोळे राखले, आणि दोघांनी मिळून चॅनलची दोन्ही दारं बंद केली. कुणाला बोल लावणार?

हे उघडकीला आलं ते सविता खातं उघडायला बसली तेव्हा. पासवर्ड तिनंच टाकलेला, पण तो आता आठवेना, आणि नवा मागितला की चार आकडे आबांच्या नंबरावर जातात. ती मृत्युपत्र घेऊन माझ्याकडे आली. आम्ही कंपनीला अर्ज केला, मृत्यूचा दाखला जोडला. इंग्रजीत एक गोड उत्तर आलं. दुःखात सहभागी आहोत, कोर्टाचा कागद आणा, तरीही खातं मिळेलच असं नाही. सविता म्हणाली, "ताई, लोकं अजून आबांचे व्हिडिओ बघत्यात, मग घाई काय?" मी तिला नियम वाचून दाखवला. फार दिवस कुणी खातं उघडलं नाही तर ते पुसलं जातं. आणि आबांनी रेकॉर्ड करून ठेवलेलं पण लोकांना न दाखवलेलं बरंच काही आत होतं, ते तर कुणीच ऐकलेलं नव्हतं.

यमुनाबाई रोज संध्याकाळी सविताच्या फोनवर एक व्हिडिओ लावायला सांगायच्या. "अगं ए, च्या ठेव" आलं की त्या आपल्या जागेवरून "ठेवते" म्हणायच्या. हे पुसलं जाणार, हे त्यांना कोण सांगणार होतं? सविता माझ्यासमोर बसून रडली. मला मृत्युपत्र लिहिता येतं, पुसलेला आवाज परत आणता येत नाही. त्या दिवशी माझ्या कामाचा मला राग आला.

जाता जाता सविता म्हणाली, "ताई, मी काल सहज आबांचा नंबर लावला. लागला. कुणी बाई बोलली. मी घाबरून ठेवला."

बंद केलेला नंबर कंपनी काही काळानं दुसऱ्या कुणाला देते. म्हणजे ते चार आकडे जायचे ते कुठल्यातरी परक्या बाईच्या फोनवर. आणि ओटीपी कुणाला सांगू नका, असा ठळक अक्षरातला फलक माझ्या टेबलामागे मीच लावलेला! येणाऱ्याजाणाऱ्याला मी तो मोठ्यानं वाचून दाखवायचे. आता कुठल्या तोंडानं अनोळखी बाईकडे ओटीपी मागायचा? ती पोलिसांत गेली असती तर मीच तिची फिर्याद लिहून दिली असती.

निरगुडसरला आबांच्या ओट्यावर आमची बैठक बसली. सविता, दत्ता, बाळू आणि मी. बाळू मान खाली घालून बसला होता. यमुनाबाई एका बाजूला पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. आम्ही आवाज खाली ठेवून बोलत होतो, त्यांना कळू नये म्हणून.

"त्या बाईला सांगायचं कसं?" दत्ता म्हणाला.

"कोन बाई?" यमुनाबाईंनी मान वर केली. "नंबरवालीच ना? शोबा?"



"मी सांगते की तिला. लई चांगली हाय. आमी बोलतो." आणि त्या पुन्हा शेंगा सोलायला लागल्या.

मग त्यांच्याकडून हळूहळू काढून घेतलं. यमुनाबाईंना आयुष्यात एकच नंबर पाठ होता. एका दुपारी घरात कुणी नसताना त्यांनी आपल्या बटणाच्या फोनवरून तो लावला. वाजतो का एवढंच बघायचं होतं. पलीकडून बाईचा आवाज आला, तर सवयीनं विचारून गेल्या, "आबा हायेत का?" ती बाई म्हणाली, "आबा वारले हो. तुम्ही कुठल्या घाटाच्या?" तिला रोज कुणी ना कुणी गाडामालक फोन करायचा, आणि ती रोज कुणाला ना कुणाला आबा गेल्याचं सांगायची. प्रत्येक जण हळहळून आबांची एखादी आठवण सांगायचा. आबांना न बघता तिला आबा पाठ झाले होते. यमुनाबाई म्हणाल्या, "मी त्यांची मंडळी." मग म्हणे दोघींनीही फोन ठेवला नाही. तेव्हापासून तिच्या सुट्टीच्या दिवशी त्यांचं बोलणं चालूच होतं.

"आई, आमाला का न्हाई सांगितलं?" दत्तानं विचारलं.

"तू नंबर बंद केलावता ना. तुला वाईट वाटलं असतं," यमुनाबाई म्हणाल्या.

शोभा उदगीरकडची, एसटीत कंडक्टर. यमुनाबाईंनी फोन लावून दिला, मी सगळी हकीकत सांगितली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ओटीपी मी सख्ख्या भावाला सांगत नाही, मावशी." आता संपलं, असं मला वाटलं. खोटं कशाला सांगू, त्याच वेळी मला ती फार आवडलीही. मग ती म्हणाली, "पण आईंना माझा रामराम सांगा. मी रजा टाकून येते. फोन माझ्याच हातात राहील, पण तुमच्या ओट्यावर वाजेल. कागद मात्र दाखवा मला."

आणि ती आली हो. मंचरपर्यंत एसटीनं, पुढे दत्ता गाडीवर घेऊन आला. सडपातळ बाई, खांद्याला पिशवी, नजर तिकीट तपासणाऱ्याची. यमुनाबाईंनी आधी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून पाहिला. सकाळपासून त्यांनी मासवड्यांचा घाट घातला होता, कुणालाही हात लावू दिला नव्हता. पण शोभा जेवायच्या आधी म्हणाली, "काम आधी." मृत्युपत्र तिनं पहिल्या ओळीपासून वाचलं. सविताचं ओळखपत्र मागितलं, नावाशी ताडून पाहिलं. साक्षीदारांच्या सह्या पाहिल्या. माझ्याकडे बघून म्हणाली, "अक्षर चांगलंय." इतक्या वर्षांत माझा दस्त इतक्या बारकाईनं कुणी वाचला नव्हता, आणि वाचून खाली ठेवताना कुणी त्याला नमस्कार केला नव्हता. मी डोळे पुसले ते चष्म्याच्या निमित्तानं.

सवितानं खातं उघडायला घेतलं. शोभाचा फोन ओट्यावर वाजला. तिनं तो सगळ्यांना दिसेल असा मधोमध ठेवला. आकडे बाळूनं टाकले. तो हट्टच होता त्याचा.

खातं उघडलं. कुणालाच न दाखवलेले व्हिडिओ आत ओळीनं होते. सवितानं पहिल्यांदा त्यांच्या प्रती काढल्या, दत्ताला, बाळूला, स्वतःला. नंबरही बदलून आपला टाकला. मी आहुप्याच्या बाबांशी झालेलं बोलणं आठवत बसले होते. वाटणी चालली होती आणि कुणाचंच काही कमी होत नव्हतं.

आता मी जिथे जाते तिथे हे सांगते. गेलेल्या माणसाचा नंबर लगेच बंद करू नका, फोन पुसू नका, पाकीट करून ठेवा. खात्यातच आपल्या पश्चात कोण, त्याचं नाव टाकायची सोय असते, ती वापरा. प्रत्येकाच्या नंबरावर शोभा भेटत नाही. माझ्या स्वतःच्या मृत्युपत्रात मी मोबाईलाचं वेगळं कलम घातलंय, पाकीट कपाटात आहे आणि लेकीला जागा माहीत आहे. ज्यांच्यामुळे हे शहाणपण आलं त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. आबांचे, बाळूचे, शोभाचे, आणि हवं तर त्या कावळ्याचेही.

त्या दुपारी शेवटी शोभा म्हणाली, "मला आबांचा आवाज ऐकवा ना. एवढं ऐकलंय त्यांच्याबद्दल, आवाज नाही ऐकला कधी." सवितानं कुणीच न ऐकलेल्यातला एक लावला. थोडी खरखर झाली. आबांनी घसा खाकरला.

"अगं ए, च्या ठेव. पावणं आल्यात."

त्या दिवशी कोण पाहुणे आले होते कोण जाणे. यमुनाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, शोभाकडे बघून हसल्या.

"ठेवते," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.